शेठची टीम आणि आमच्या सात जणी

किस्से काही कुणी गोळा करायला जात नाही. कबड्डी खेळलेल्या बाईच्या गुडघ्यात जसं पाणी साठतं ना, तसे ते आपोआप साठतात. चालताना कळत नाही. चार जणी भेटल्या, मांडी घालून बसायची वेळ आली, की ठणका सुरू! मग सांगून टाकल्याशिवाय सुटका नाही.

मी जयश्री. कामशेतजवळच्या एका शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी कान्हे स्टेशनच्या मागच्या मैदानावर बायकांच्या कबड्डी संघाला शिकवते. संघाचं नाव रानवारा. मला एका जागी बसता येत नाही, हे आधीच सांगते. मॅच चालू असली की मी रेषेच्या कडेनं येरझारा घालते. एकदा पंच वैतागून म्हणाले, "मॅडम, बसा हो! मी पोरींच्या चढाया मोजू की तुमच्या फेऱ्या?"

तर सांगताना मी मधेच उठले, इकडून तिकडं गेले, तर सांभाळून घ्या. बहुतेक सगळं एकाच वर्षात घडलं आणि अजून मला नीट बसू देत नाही.

*

आधी आमची स्वतःची चोरी सांगते, म्हणजे दुसऱ्याची सांगायला तोंड राहील.

संघ काढला तो आबांनी. आबा रेल्वेत गँगमन होते, सगळी नोकरी खंडाळ्याच्या घाटात रूळ तपासण्यात गेली. नोकरीत असतानाच त्यांनी गावच्या पोरींना कबड्डी शिकवायला घेतली. पहिल्या तुकडीत मी होते.

कबड्डीत चढाईला गेलेल्या मुलीनं एका श्वासात "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहायचं असतं. त्याला दम म्हणतात. मधे श्वास घेतला, दम तुटला, की बाद. पंच कान लावून उभे असतात. पण आमचं मैदान पडलं रुळाला लागून. मालगाडी चालली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, दम कुठला ऐकू येतोय!

आणि आबांना लांबचा सिग्नल बघून कळायचं, गाडी आता येणार. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, की आमच्या पोरीनं समजायचं, थांब. टोपी डोक्यावर गेली, की सूट! गाडी धडधडत यायची आणि आमची पोर समोरच्यांच्या अंगणात दोन-तीन श्वास घेऊन, ताजीतवानी होऊन परत!

एकदा समोरच्या कोचच्या लक्षात आलं. त्यांनी तक्रार केली. पंचांनी आबांना विचारलं, "आबा, हे बरोबर आहे का?"

आबा म्हणाले, "आवो, गाडी काय माज्या बापाची हाय व्हय? तुमच्या पोरींनी पन घ्या म्हनावं श्वास. आमी कुटं न्हाई म्हनतोय!"

*

मग शेठ आले.

शेठ म्हणजे प्लॉटिंगवाले. तळेगावच्या आसपास बिल्डिंगा, लोणावळ्याकडं बंगल्यांच्या स्कीम. आधी त्यांना बैलगाड्याच्या शर्यतींचा नाद होता. मग क्रिकेटची टीम झाली. मग कुणीतरी सांगितलं, आता लेडीज कबड्डीला भाव आहे. झालं! दोन महिन्यांत स्वतःची टीम, परराज्यातून आणलेल्या चार खेळाडू, त्यांना वराळ्यात फ्लॅट, सरावाला मॅट आणि प्रवासाला एसी बस. बसवर सात जणींचे फोटो, एकमेकींचे हात धरून उभ्या. आणि सातही जणी मिळून जेवढ्या, तेवढा एकटा शेठचा फोटो!

एवढं होऊनही त्यांच्याकडं चढाईला जाऊन हमखास गुण आणणारी कुणी नव्हती. ती आमच्याकडं होती. सुरेखा. कान्ह्याचीच, शेतकऱ्याची पोरगी, वय तेवीस. समोरच्या सात जणींना कळायच्या आत हात लावून मध्यरेषेवर परत.

तर शेठ एका सकाळी आबांच्या गोठ्याशी गाडी थांबवून आत आले. आबा म्हशीपुढं वैरण टाकत होते. पुढचं मी आबांच्या तोंडून ऐकलंय.

शेठ म्हणाले, "आबा, तुमच्याकडची ती एक मला द्या. खर्च होईल तो होऊ द्या."

"ती न्हाई द्यायची. घरची हाय."

"अहो, तिकडं चैन आहे तिला. एसी आहे. रोज सकाळी सहा अंडी."

"अंडी? ती कशी खाईल अंडी?"

"सगळ्याच खातात! दोन महिन्यांत अशी तयार करतो की तुम्ही ओळखणार नाही."

"लाथ मारती बरं का ती."

"अहो, त्यासाठीच तर हवीय!"

आबा म्हणाले, "आन् गाभन हाय."

शेठचा चेहरा खर्रकन उतरला. इकडं तिकडं बघत, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "लग्न... झालंय का तिचं?"

संध्याकाळी मैदानावर आबांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही हसून हसून मातीत लोळलो. आबा आजही शपथ घेऊन सांगतात, मला खरंच म्हैस वाटली! 

सुरेखा तेवढी हसली नाही. बुटाची नाडी बांधता बांधता तिनं विचारलं, "आबा, खरंच म्हनला का तो, खर्च होईल तो होऊ द्या?"

*

सुरेखाच्या आधी शेठच्या माणसांनी रुबीनाला गाठलं. रुबीना आमचा डावा कोपरा. समोरून चढाईला येणारीचा घोटा तिच्या हातात सापडला की सुटत नाही. तिच्या अब्बांचं कामशेतला दुचाकीचं गॅरेज आहे आणि दुपारी रुबीनाच तिथं बसते.

शेठचा मॅनेजर बाईकचा आवाज येतो म्हणून आला. आवाज बिवाज काही नव्हता. अब्बांना बाजूला घेऊन त्यानं मोठी ऑफर सांगितली. अब्बा म्हणाले, "खेळते ती. मी कसं सांगू? तिलाच विचारा."

रुबीना प्लग पुसत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तुमच्या टीममध्ये डाव्या कोपऱ्याच्या शेजारी कोण उभी राहते?"

"बाहेरची आहे. राष्ट्रीय खेळाडू!"

"मराठी येतं तिला?"

"नाही. पण काय फरक पडतो?"

"आमच्याकडं माझ्या शेजारी सुरेखा असते. मी नुसतं 'सुरे' म्हटलं तरी तिला कळतं, पुढं जायचं की मागं. पकडीला अर्धा सेकंद मिळतो, साहेब. तेवढ्यात भाषांतर कोण करणार, तुम्ही?"

मॅनेजर न दुरुस्त झालेली बाईक घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी अब्बा मैदानावर आले. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, पोरगी नाही म्हणाली ते ठीकच झालं. पण विचारायला आले होते, एवढं मी मोहल्ल्यात सांगितलं तर चालेल ना?"

*

आणि पंधरा दिवसांत सुरेखा गेली.

सांगायला आली तेव्हा मी चुन्यानं रेषा आखत होते. तिच्या हातात संघाची जर्सी, धुऊन, इस्त्री करून. उसवलेली बाही 'शिव, शिव' म्हणून मी वर्षभर ओरडत होते, ती पण शिवलेली.

म्हणाली, "मॅडम, शेठचा करार दोन वर्षांचा हाय. वडील म्हनाले, तेवढी दोन वर्षं लग्नाचं काढनार न्हाई. तुमी देता का मला दोन वर्षं?"

काय देणार मी? माझ्याकडं चुन्याची बादली होती. उत्तर नसलं की माणूस वाईट बोलतं, तशी मी बोलले. "जा. पण तिकडच्या मॅटवर पाय मुरगळला तर इकडं लंगडत येऊ नकोस."

ती गेली. मी त्या दिवशी सगळ्या रेषा वाकड्या आखल्या. आबांपाशी तासभर बडबडले. निष्ठा नाही, माती विसरली, आपण घडवायचं आणि शेठनं उचलायचं! येरझारा चालूच.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झालं बोलून? जये, तू कंपनीच्या टीममदी गेलीस तवा तुला कुनी हाकलली व्हती का?"

मी थांबले. मी वीस वर्षांची असताना एका कंपनीच्या टीमनं मला नोकरीसकट उचललं होतं. रानवारा सोडून मी एका दिवसात गेले होते.

"तेव्हा तुम्ही स्टेशनवर पेढे वाटले होते, आबा! सगळ्या गावानं खाल्ले!"

"व्हय, वाटलं. तू मला सांगायला सुदिक आली नव्हतीस. लोकं इचारायला लागली, आबा, तुमची पोरगी पळाली म्हनं? मग काय करू? पेढं आनलं आन् म्हनलं, पळाली न्हाई, आमीच धाडलीया."

वीस वर्षं मी समजत होते, त्या दिवशी आबा खुशीत होते.

"ही निदान सांगाय तरी आली," आबा म्हणाले आणि वाकडी रेषा पायानं पुसायला लागले.

*

मार्चमध्ये वडगावला स्पर्धा होती. पहिलीच मॅच शेठच्या टीमशी.

सुरेखाला तीन महिन्यांनी बघत होते. खांदे रुंद, दंड पिळदार, मान जाड. प्रेक्षकांत कौतुक चाललं होतं, बघा बघा, काय बॉडी केलीय! मला मात्र तिच्या हनुवटीवरचे फोड दिसत होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

चढाईला आली आणि तिनं दम घेतला, "कबड्डी, कबड्डी..."

आवाज तिचा नव्हताच! जाड, घोगरा, घसा बसलेल्या पुरुषासारखा. आमच्या पोरी जागच्या जागी थबकल्या. रुबीनाचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

आणि दोरीपलीकडून एक जण ओरडला, "ए दादा! लेडीज मॅच हाय ही!"

हशा पिकला. सुरेखा आमच्या अंगणाच्या मधोमध उभी राहिली, तोंड उघडं, आवाज बंद. दम तुटला. पंचांनी शिट्टी मारली, बाद. तिला कुणी हातही लावला नव्हता.

रुबीना रेषा ओलांडून थेट दोरीपाशी गेली. म्हणाली, "ज्याला हसायचंय त्यानं आत यावं. एकच चढाई. माझ्या कोपऱ्यात. या!"

कुणी हलेना. ओरडलेला तो ढेरपोट्या माणूस म्हणाला, "आमी चपला घालून आलोय."

"काढा की!"

त्यानं खाली चपलांकडं बघितलं आणि मागच्या माणसाच्या आड झाला. पंचांनी रुबीनाला हिरवं कार्ड दाखवलं, म्हणजे ताकीद. ती परत जागेवर जाताना म्हणाली, "सर, लाल दाखवलं असतं तरी चाललं असतं."

आम्ही मॅच जिंकलो. कुणी टाळी वाजवली नाही. मला रिक्षात बसवेना, मी वडगावहून कान्ह्यापर्यंत चालत आले.

*

चौथ्या दिवशी फोन आला. तोच घोगरा आवाज. "मॅडम, लंगडत आले तर चालंल का?"

मी तिला तळेगावला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडं घेऊन गेले. बाई वयस्कर, फटकळ.

"पाळी किती महिने नाही?"

"दोन."

"काय घेतेस?"

"व्हिटॅमिनचं इंजेक्शन. आमचे फिटनेसचे सर देत्यात. म्हनले, मोठ्या टीममदी सगळ्याच घेत्यात."

डॉक्टर म्हणाल्या, "लाव त्या सरांना फोन. स्पीकरवर टाक."

फोन लागला. डॉक्टरांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "नमस्कार सर. पोरींना काय देता हो तुम्ही?"

तिकडून मोठ्या उत्साहात उत्तर, "ताकदीचं असतं मॅडम! एकदम सेफ! घोड्याला पण तेच देतात!"

"घोड्याला पाळी येत नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि फोन कट केला.

मग सुरेखाचा हात हातात घेऊन त्यांनी सावकाश सांगितलं. हे स्टेरॉईड आहे. आजपासून बंद. तपासण्या करू, औषधं देते. फोड जातील, पाळी येईल. आवाजाचं मात्र सांगता येत नाही, तो कदाचित असाच राहील.

"आन् ताकद?"

"आलेली ताकद उतरेल."

सुरेखा म्हणाली, "म्हंजे आवाज राहनार आन् ताकद जानार. उलटं न्हाई का व्हत काही?"

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. मी बाहेर जाऊन जिन्यावर वर-खाली करत राहिले. आपल्यालाही हे दिसायला पाहिजे होतं, असं सारखं वाटत होतं. आमच्याच काळात, कंपनीच्या टीममध्ये, एक मुलगी अशीच सहा महिन्यांत फुगली होती. आम्ही तिला पैलवान म्हणायचो. तिचं काय झालं, कुणी विचारलं नव्हतं.

*

सुरेखानं शेठची टीम सोडली. शेठनं बसवर नव्यानं चढवलेला तिचा फोटो खरवडून काढला. पण शेजारचीनं तिचा हात धरलेला होता ना, तो हात काढता येईना! त्यामुळं ती बस आता एक सुटा हात घेऊन मावळभर फिरते.

मे महिन्यात आमच्याच मैदानावर स्पर्धा झाली आणि फायनलला रानवारा विरुद्ध शेठची टीम. सुरेखाला नियमानं त्या हंगामात आमच्याकडून खेळता येत नव्हतं. ती माझ्याशेजारी बाकावर बसली होती. म्हणजे ती बसली होती, मी उभी.

आता मधे आबांची शुगर. आबांना साखरेचा त्रास, पण लॅबमध्ये पाऊल ठेवायला तयार नाहीत. शेवटी मी घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबला फोन करून ठेवला होता. आबांनी त्यांना परस्पर सांगितलं, घरी कशाला, फायनल हाय, मैदानावरच या!

मॅचला अर्धा तास. शेठच्या पोरी वॉर्मअप करतायत. आणि एक माणूस आला. पांढरा कोट, निळे हातमोजे, हातात बर्फाची पेटी. मैदानाच्या मधोमध उभा राहून त्यानं खणखणीत आवाजात विचारलं, "सॅम्पल कुणाचं घ्यायचंय?"

वॉर्मअप थांबला!

शेठच्या फिटनेस सरांनी त्या पेटीकडं बघितलं. मग त्यांनी बॅग उचलली आणि समोरच्या उसात शिरले. खरंच सांगते, वाट होती तरी उसात शिरले! पाठोपाठ एकीचं पोट दुखायला लागलं. दुसरीला घरून फोन आला, फोन कानाला उलटा. पाच मिनिटांत आख्खी टीम बसमध्ये आणि बस जुन्या हायवेला! शेठ एकटेच खुर्चीत, हातात पुष्पगुच्छ.

पंचांनी दहा मिनिटं वाट बघून आम्हाला विजयी घोषित केलं.

तो माणूस बिचारा अजून तिथंच. "अहो, सॅम्पल..."

आबांनी बाही वर केली. "माजं हाय, घ्या. पन जरा दमानं घ्या, आमी आत्ताच च्याम्पियन झालोय!"

सगळ्या जणी हसत होत्या. मी सुरेखाकडं बघितलं. ती बस गेली त्या दिशेला बघत होती. म्हणाली, "मॅडम, त्यातल्या दोघी वराळ्याच्या फ्लॅटमदी माज्या खोलीत व्हत्या. त्यांला कोन न्हेनार डॉक्टरकडं?"

चषक तसाच टेबलावर ठेवून आम्ही वराळ्याला गेलो, सुरेखा, रुबीना आणि मी. दोघींनी दार उघडलं. एक जण त्याच आठवड्यात आमच्यासोबत त्या डॉक्टरांकडं आली. दुसरीनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

*

शेवटचा सांगते आणि खरंच बसते.

पाऊस संपल्यावर तळेगावला एका नव्या खाजगी लीगची निवड चाचणी झाली. लांबलांबून दीडेकशे मुली आल्या होत्या. सुरेखाही आली. उन्हाळ्यापासून तिनं नुसती मेहनत केली होती. ताकद उतरली होती पण चपळाई परत यायला लागली होती. आवाज तसाच. सोबत तिचे वडील होते. शेठचा करार मोडला तरी त्यांनी घरात लग्नाचा विषय काढला नव्हता. का, ते मी विचारलं नाही. ते झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसले होते.

सुरेखा फार सुंदर खेळली. दोन चढायांत तिनं चार जणी बाद केल्या. दुसऱ्या चढाईला तर समोरच्या कोपऱ्यानं तिची कंबर धरली होती, त्यातून ती अशी निसटली की निवड करणारे साहेब खुर्चीतून उठले.

मग सगळ्यांना टेबलापाशी फॉर्मवर सह्या करायला बोलावलं. नाव, वय, वजन आणि खाली एक ओळ: मी कोणतंही बंदी असलेलं औषध घेतलेलं नाही. मुली पटापट सह्या करत होत्या. ढीग वाढत होता.

सुरेखानं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिनं ती ओळ खोडली आणि खाली लिहायला लागली. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कुणी दिलं, काय सांगून दिलं, काय काय झालं. जागा संपली तेव्हा तिनं फॉर्म उलटला.

मी लांबून खुणा करत होते, सही कर, नुसती सही कर! हो, खोटं कशाला सांगू, मी करत होते.

साहेबांनी फॉर्म हातात घेतला. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. ते हळू आवाजात म्हणाले, "अगं बाळ, ही नुसती फॉर्मॅलिटी असते. हे कुणी वाचत नाही."

सुरेखा म्हणाली, "तुमी वाचलं की."

रांगेतल्या सगळ्या मुलींना ऐकू गेलं. त्या आवाजात दबकं बोलताच येत नाही.

त्या चाचणीत तिची निवड झाली नाही, हे सांगून टाकते. ती पुढच्या हंगामात परत रानवारात आली आणि डाव्या कोपऱ्याशेजारी उभी राहिली.

पण त्या दिवशी टेबलापाशी पुढं झालं ते असं. साहेबांनी तो फॉर्म ढिगाच्या तळाशी सरकवला. सुरेखा वडिलांकडं निघाली. तेवढ्यात सही करून केव्हाच गेलेली एक उंच मुलगी, कुठल्या तालुक्याची होती मला माहीत नाही, परत टेबलापाशी आली. तिच्या हनुवटीवर फोड होते.

"सर, माझा फॉर्म जरा परत द्या."

"का? तुझी सही झालीय की."

"द्या ना सर."

साहेबांनी ढिगातून शोधून दिला. तिच्या मागं आणखी एक येऊन उभी राहिली. मग तिघी आल्या, बॅगा पाठीवर टाकलेल्या, गेटपर्यंत जाऊन परत फिरलेल्या.

टेबलावर पेन एकच होतं. रांग लागली.